पालथी किल्ली

दिवसाला चोवीसच तास असतात, ही आळशी माणसांनी उठवलेली आवई आहे, असं ड्युटीबाईंनी एका रविवारी दुपारी सासरच्या झाडून सगळ्या माणसांदेखत जाहीर केलं. "वेळ नसतो असं काही नसतं," ताटावरून उठता उठता त्या म्हणाल्या, "वेळ लावता येत नाही, असं असतं." एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या, बेसिनशेजारच्या स्टुलावर क्षणभर टेकल्या आणि नळ चालू ठेवून तिथेच झोपल्या. बसल्या बसल्या, खरकट्या हातानं. नळ थोरल्या जाऊबाईंनी बंद केला. बंद करताना त्या अवाक्षरही बोलल्या नाहीत, असं नंतर नवऱ्यानं सांगितलं, आणि ड्युटीबाईंना सगळ्यात जास्त झोंबलं ते हे न बोललेलं अवाक्षर.

ड्युटीबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहत होतं. बस डेपोत अडतीस गाड्या आणि बेचाळीस ड्रायव्हर. कुणी कोणत्या दिवशी कोणती गाडी किती वाजता बाहेर काढायची, याचा तक्ता त्या एकोणीस वर्षं लावत होत्या. ड्रायव्हरांची लग्नं, आजारपणं, सासुरवाड्या आणि मूळव्याधी त्यांना तोंडपाठ होत्या. बेचाळिसांतले चार जण रोज राखीव असायचे, म्हणजे काही न करता बाकावर बसून राहायचे. मुख्य कचेरीतून दरवर्षी एक माणूस यायचा आणि विचारायचा, हे चौघे काय करतात? बाई म्हणायच्या, बसतात. तो म्हणायचा, मग पगार कशाचा? बाई म्हणायच्या, बसण्याचा. ज्या दिवशी यांच्यातला एकही बसलेला दिसणार नाही, त्या दिवशी डेपोला कुलूप लावा आणि चावी मला आणून द्या. माणूस चहा पिऊन परत जायचा.

आणि एक नियम होता. अकरा वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरला चाकावर डुलकी लागली आणि त्यानं सकाळची पहिली गाडी थेट फर्निचरच्या दुकानात नेली. कुणाला खरचटलंही नाही. गाडी एका नव्याकोऱ्या पलंगाला टेकून थांबली. ड्रायव्हर म्हणाला, निदान जागा तरी बरोबर निवडली. सगळा डेपो हसला, साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सांगून टाकलं की ज्याची झोप झाली नसेल त्यानं किल्ली घ्यायची आणि ड्युटीरूमच्या खिडकीच्या फळीवर पालथी ठेवायची, म्हणजे बिल्ल्यावरचा गाडीचा नंबर खाली. बाई कारण विचारणार नाहीत. राखीवला हाक मारतील, बस्स. कारण विचारलं की माणूस खोटं बोलतो, आणि खोटं बोलायची लाज वाटली की तो गाडी काढतो. अकरा वर्षांत किल्ली एकशे सात वेळा पालथी पडली. बाईंनी एकदाही विचारलं नाही.

अशा बाईंनी स्वतःच्या बाबतीत काय केलं, ते आता ऐका.

डेपोचे साहेब दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या खुर्चीसाठी वाहतूक व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी लागते, असं नवं परिपत्रक आलं. साहेबांकडे ती नव्हती, पण साहेबांकडे खुर्ची होती. बाईंनी एका विद्यापीठात घरबसल्या करायच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. एकूण दहा विषय, चार-चार महिन्यांचं सत्र. एका सत्रात दोन विषय घेतले तर वीस महिन्यांत पदवी हातात, आणि वर चार महिने शिल्लक. इतकं सरळ गणित डेपोतल्या मांजरालाही सुटलं असतं.

पण मांजराला थोरली जाऊ नव्हती. जाऊबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. बातमी ऐकून त्यांनी बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "छान केलंस हो. पण झेपेल तेवढंच घे. हळूहळू कर. मी माझी पदवी एका वर्षात उरकली, पण माझी गोष्ट वेगळी."

माझी गोष्ट वेगळी. तीन शब्दांची काडी, आणि बाई म्हणजे कोरडं गवत. हेच धाकटा दीर नोकरी सांभाळून कसलीशी परीक्षा देत होता तेव्हा घरात त्याला जिद्द म्हणत होते. बाईंनी पुस्तक उघडलं की त्याला हौस म्हणायचे. सासूबाई तर शेजारणीला सांगत होत्या, आमच्या सुनेला कॉम्प्युटरवर काहीतरी छंद लागलाय.

बाईंनी चार विषय घेतले. चार, मग चार, मग दोन. बरोबर एक वर्ष.

आता नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला दोनाच्या वर विषय घ्यायचे तर विद्यापीठाची खास परवानगी लागायची, आणि अर्जासोबत आठवड्याचं वेळापत्रक. हा तर लोहाराला खिळा ठोकायला सांगण्याचा प्रकार. बाईंनी असा तक्ता लावला की समितीनं तो एकमेकांना दाखवला. पहाटे चार दहाला उठणं. चार पंचवीस ते पावणेपाच वाचन. गाड्यांची पहिली खेप सुटल्यावर पाच चाळीस ते सहा प्रश्नावली. जेवणाच्या सुट्टीत सांख्यिकी. भाजी चिरताना व्याख्यान, दीडपट वेगानं. दीडपट वेगात प्राध्यापक असे बोलायचे की जणू मागे कुत्रं लागलंय. सासूबाईंचा गुरुवारचा दवाखाना निळ्या रंगात, नवऱ्याची स्वयंपाकाची पाळी हिरव्या रंगात, झोप पाच तास दहा मिनिटं, करड्या रंगात. समितीनं शेरा मारला, 'अनुकरणीय'.

सातव्या आठवड्यात बाईंना सांख्यिकीत शंभरपैकी एकतीस होते आणि मार्गनियोजनात अडतीस. मार्गनियोजन, म्हणजे कोणती गाडी कुठून न्यायची, जे त्या एकोणीस वर्षं पोटापाण्यासाठी करत होत्या, त्यात अडतीस. उत्तीर्ण व्हायला पन्नास. दोन विषयांत नापास झालं की नाव पटावरून कमी, आणि तीन वर्षं परत दार बंद. तीन वर्षांनी साहेबांच्या खुर्चीत कोण बसलेलं असेल, हे सांगायला सांख्यिकी लागत नव्हती. विषय सोडायचा असेल तर शेवटची मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

सोडणार कोण? बाईंना नुसता संताप येत होता. स्टेपलरचा, कारण तो दर तिसऱ्या पानाला पिन गिळायचा. नवऱ्याचा, कारण तो शांत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी खाली येते. "सोड की दोन," तो म्हणाला, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिना उतरूनच कामावर गेला. सगळ्यात जास्त संताप 'झेपेल तेवढंच' या शब्दांचा. ते जो कोणी बोलेल त्याला बाई मनातल्या मनात रविवारची पहाटेची फेरी लावून टाकायच्या. मनातल्या मनात थोरल्या जाऊबाईंना पुढच्या चार महिन्यांचे सगळे रविवार लागले होते.

शुक्रवारी पहाटे सव्वापाचला खिडकीसमोर रांग लागली. मिशाळ चौथा होता. मिशाळ म्हणजे बावीस वर्षांचा जुना ड्रायव्हर. मिशी एवढी की तो बोलला तरी कळायचं नाही, म्हणून तो बोलायचाच नाही. रिवाजाप्रमाणे त्यानं डबा ड्युटीरूमच्या कपाटात ठेवला, किल्ली घेतली, तिच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि ती फळीवर पालथी ठेवली.

बाईंच्या समोर फोनवर प्रश्नावली उघडी होती. पंधरा प्रश्न, एकोणीस मिनिटं शिल्लक.

"का?" बाई म्हणाल्या.

रांगेत कुणीतरी खोकत होतं, ते खोकायचं थांबलं.

"का म्हणून विचारतेय मी. रोज कुणाला तरी झोप येते. सगळ्यांना झोपाच काढायच्या आहेत तर गाद्या घालू का आत? मला येत नाही झोप? मी ठेवते का कधी काही पालथं?"

मिशाळनं मिशीवरून हात फिरवला. त्याला राग आलेला दिसत नव्हता. अवघडलेला दिसत होता, दुसऱ्याच्या घरात भांडण चालू असताना आत गेलेल्या माणसासारखा.

"बाई, तुम्हीच लावलंय," तो म्हणाला.

"काय लावलंय?"

त्यानं भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. गुरुवार, शेवटची फेरी, मिशाळ. गाडी आत यायची वेळ साडेबारा. शुक्रवार, पहिली फेरी, मिशाळ. गाडी बाहेर जायची वेळ पाच पंचवीस. मध्ये पाच तासही नव्हते. अक्षर बाईंचं होतं, सुबक, एकसारखं.

"मग कालच सांगायचं नाही?"

"म्हटलं तुम्ही लावलंय म्हणजे काही विचार असेल."

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बाईंनी त्याला तिथल्या तिथे सरळ केला असता. पण तो मनापासून बोलत होता. एकोणीस वर्षांत त्याला बाईंच्या तक्त्यात चूक सापडली नव्हती, त्यामुळे चूक असू शकते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. रात्री दीडला घरी जाऊन, तीन तास पडून, तो उठून आला होता. किल्ली हातात घेईपर्यंत त्याचा विचार गाडी काढायचाच होता.

बाईंनी राखीवला हाक मारली. तो बाकावरून उठला, बूट शोधले, गाडी सोळा मिनिटं उशिरा बाहेर पडली. मिशाळ मान खाली घालून घरी झोपायला गेला. रांगेतले बाकीचे किल्ल्या घेऊन इतके गुपचूप गेले की बाईंना त्यांचा राग आला. कुणी काही बोललं असतं तर उलट बोलता आलं असतं. फोनवरच्या प्रश्नावलीची वेळ संपली होती. पंधरापैकी दोन.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला नाही. विद्यापीठाच्या मार्गदर्शक बाईंना फोन लावला. मार्गदर्शक तरुण होती आणि तिचा आवाज कायम हसरा असायचा, दवाखान्यातल्या नंबर पुकारणाऱ्या यंत्रासारखा.

"बोला मॅडम, कशी मदत करू?"

"मला चार विषय घेऊ कसे दिलेत तुम्ही?"

"तुम्ही अर्ज केला होता, मॅडम."

"मी अर्ज केला म्हणून द्यायचे? आमच्याकडे उद्या ड्रायव्हरनं डबल ड्युटीचा अर्ज केला तर मी देत नाही. त्याच्या तोंडाकडे बघते."

"आमच्याकडे तोंड दिसत नाही ना, मॅडम. ऑनलाइन आहे. पण तुम्हाला तीनदा सूचना गेली होती. 'नोकरी करणाऱ्यांनी दोन विषय घ्यावेत.' तिन्हीवर तुम्ही 'वाचलं, समजलं' अशी खूण केली आहे."

"ते सगळेच करतात."

"हो मॅडम," मार्गदर्शक मनापासून म्हणाली. "मी काय म्हणते, स्वतःला थोडा वेळ द्या."

"कुठून देऊ? ते सांगा ना. तुमच्याकडे आहे का जास्तीचा?"

एवढ्यात तिला बोलायला काहीतरी गोड सापडलं. "खरं तर तुमचं नियोजन फारच सुंदर आहे. तुमचं वेळापत्रक आम्ही नव्या विद्यार्थ्यांना नमुना म्हणून पाठवतो."

बाईंनी न उघडलेला डबा बाजूला सारला.

"किती जणांना पाठवलंत?"

"या सत्रात एकशे दहा. खूप जणांनी तसंच्या तसं घेतलं. ते करड्या रंगाचं सगळ्यांना आवडतं."

"काढा ते."

"मॅडम?"

"ते वेळापत्रक काढून टाका. आज. त्यात राखीव नाहीये."

"काय नाहीये?"

"राखीव. बसणारा माणूस. दहा ड्रायव्हरांमागे एक जण नुसता बसवावा लागतो, तेव्हा कुठे नऊ गाड्या वेळेवर सुटतात. कारण कुणाला तरी ताप येतो, कुणाची आई पडते, कुणाचं टायर बसतं. माझ्या त्या तक्त्यात एक मिनिट बसलेलं नाहीये, सगळी मिनिटं गाडीवर आहेत. पहिल्या गुरुवारी सासूबाईंचा डॉक्टर अर्धा तास उशिरा आला आणि तिथपासून आजवर मी तो अर्धा तास शोधतेय. असा तक्ता माझ्या हाताखालच्या पोरानं लावला असता ना, तर मी फाडून त्याच्या हातात दिला असता. आणि तुम्ही एकशे दहा माणसांना वाटलात."

"पण फार छान रंगवलंय, मॅडम," मार्गदर्शक हळूच म्हणाली.

बाईंनी फोन ठेवला. एकशे दहा माणसं. पहाटे चार दहाला उठणारी, भाजी चिरताना कुत्रं मागे लागलेले प्राध्यापक ऐकणारी. मिशाळसारखीच म्हणत असतील, अनुकरणीय आहे म्हणजे काही विचार असेल. इतके दिवस बाईंना वाटत होतं की आपला संताप जाऊबाईंवर आहे. तो होताच, त्यात तडजोड नव्हती. पण आता संतापाच्या रांगेत आणखी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं आणि त्याचं अक्षर ओळखीचं होतं.

दुपारी ड्युटी संपली तरी त्या घरी गेल्या नाहीत. किल्ल्या द्यायला शेजारच्या खिडकीत दुसऱ्या पाळीचा कारकून बसला. बाईंनी ड्युटीरूममध्ये पुढच्या आठवड्याचा तक्ता पहिल्यापासून परत लावायला घेतला. आणखी दोन चुका सापडल्या. तिसरी शोधत असताना, चारच्या सुमाराला, नवऱ्याचा फोन आला.

"सोडलेस का दोन?"

"तुमचं काय मधेमधे?"

"काही नाही. दादांच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडलीये, तिथे आलोय. दादा आतच अडकलेत. वेळ होता, गप्पा निघाल्या. वहिनींना ती पदवी करायला तीन वर्षं लागली म्हणे."

बाई उठून उभ्या राहिल्या. "एक वर्ष म्हणाल्या होत्या."

"शेवटचं एक वर्ष. आधीची दोन त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. दादा म्हणाले, एकदा तर दोन विषय सोडले, आणि सोडले त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवली."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"मागच्या वर्षीही लिफ्ट बंद पडली होती," नवरा म्हणाला. "तू विचारलं नाहीस कधी."

त्याला त्या क्षणी पहाटेच्या किती फेऱ्या लागल्या, याची नोंद नाही. पण गंमत अशी की या बातमीनं बाईंचा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी पुन्हा चुलीवर चढला. तीन वर्षं. म्हणजे घरात एका वर्षात कुणीच केलेलं नाही. म्हणजे आपण केलं तर आपण पहिल्या. दहा आठवडे शिल्लक. झोपेतला एक तास काढला, सासूबाईंचा दवाखाना नवऱ्याकडे दिला, तर सांख्यिकीला रोज चाळीस मिनिटं... बाईंनी हाताजवळचा कागद ओढला आणि रेघा मारायला लागल्या. करडी पेन्सिल घेतली. झोप, चार तास दहा मिनिटं, असं लिहिलं आणि त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

काल रात्री दीड ते पहाटे साडेचार, मिशाळ. तीन तास. बावीस वर्षांचा जुना ड्रायव्हर, पाठीमागे साठ माणसं घेऊन निघाला असता, बाईंच्या सुबक अक्षरावर भरवसा ठेवून.

त्यांनी कागद फाडला. आधी दोन तुकडे, मग चार, मग रागानं जितके होतील तितके. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी विद्यापीठाचं पान उघडलं. सांख्यिकी, मार्गनियोजन, विषय सोडा. पान म्हणालं, कारण निवडा. आजारपण, कौटुंबिक अडचण, आर्थिक अडचण, इतर. झोप कुठेच नव्हती. बाईंनी 'इतर' निवडलं. पान म्हणालं, सविस्तर कारण लिहा. बाईंनी लिहिलं, 'झेपत नाही'. पान म्हणालं, किमान तीस अक्षरं आवश्यक.

सकाळपासूनचा, नव्हे सात आठवड्यांचा सगळा संताप बाईंच्या उजव्या हाताच्या बोटात उतरला. त्यांनी एकेक अक्षर असं टाइप केलं की टेबल हललं. 'किल्ली पालथी ठेवली की कारण विचारायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे.'

पान म्हणालं, आपली विनंती स्वीकारली आहे.

चार बावन्न. बाईंनी दिवा बंद केला, ड्युटीरूमला कुलूप लावलं आणि बाहेर आल्या. मग हातातल्या किल्लीकडे बघितलं. तिलाही बिल्ला होता, ड्रायव्हरांच्या किल्ल्यांसारखाच. बाई खिडकीशी गेल्या, बाहेरच्या बाजूनं, जिथे त्या एकोणीस वर्षांत कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. फळी आतून वाटायची त्यापेक्षा उंच होती. त्यांनी किल्ली फळीवर ठेवली. पालथी. आणि राखीवच्या बाकावर जाऊन बसल्या.

बसल्या म्हणजे नुसत्या बसल्या. व्याख्यान नाही, पेन्सिल नाही. समोरून एक गाडी आत आली, एक बाहेर गेली. या सत्राचे दोन विषय अजून हातात होते, वीस महिन्यांचं सरळ गणित होतं, जाऊबाईंना सांगायचं होतं आणि कसं सांगायचं याचे चांगले दोन-तीन टोमणे तयारही होते. संताप पूर्ण गेला नव्हता, पण त्याला बसायला जागा मिळाली होती.

मिशाळ फाटकातून आत आला. झोप झालेली दिसत होती. मिशीची एक बाजू उशीनं चपटी झाली होती. तो सरळ खिडकीशी गेला, फळीवरची किल्ली बघितली. बिल्ला न उलटता कुणाची ते ओळखलं. मग बाकावर बसलेल्या बाईंकडे बघितलं, आणि येऊन त्यांच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसला.

"सकाळी मी विचारायला नको होतं," बाई म्हणाल्या.

मिशाळनं मान हलवली. अकरा वर्षांचा नियम त्या दोघांच्या मध्ये एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा बसला होता. बाईंना वाटलं, हा माणूस आता काही बोलला नाही तर बरं.

मिशाळ खाकरला.

"बाई, मी कारण विचारत नाही."

"हं."

"पण तेवढं कुलूप उघडून देता का? डबा आत राहिलाय सकाळचा. घरून सांगून धाडलंय, डब्याशिवाय येऊ नका म्हणून."